शिकविणाऱ्यानें शिकावें काय?

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही आमच्या मूळ गांवीं गेलों होतों. रविवारची उपासना आटोपल्यावर शेजारच्या वाडीवर काम करणारा एक तरुण उपदेशक आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत आला. बराच वेळ तो कांहीं बोलेना. शेवटीं त्यानें विचारिलें, “साहेब, मंडळीचा पुढारी चुकला, तर त्यानें ती चूक मंडळीपुढें कबूल करावी, कीं मनांतल्या मनांत ओळखून पुढें सुधारावें? कबूल केली तर लोक म्हणतात, ह्यालाच कळत नाहीं, हा आम्हांला काय शिकविणार! आणि न करावी, तर रात्रीं झोंप लागत नाहीं.” त्या दिवशीं आम्हीं त्याला दोन शब्दांत उत्तर दिलें व तो निघून गेला. परंतु परत येतांना आमच्या मनास लागून राहिलें कीं, दिलेलें उत्तर पुरेसें नव्हतें. तो प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीं. खेड्यापाड्यांतील प्रत्येक उपदेशकाचा, मंडळीच्या प्रत्येक वडिलाचा, रविवारच्या शाळेंत शिकविणाऱ्या प्रत्येक भगिनीचा तो आहे. म्हणून तें उत्तर आज येथें सावकाश देत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, गांवच्या मंडळीचा पुढारी बहुतकरून एकटा असतो. तोच उपासना चालवितो, तोच आजाऱ्याच्या उशाशीं बसतो, तोच सोयरिकीच्या व बांधाच्या भांडणांत मध्यस्थी करितो, तोच कचेरीचा कागद वाचून दाखवितो. मोठ्या शाळेंत शिक्षक चुकला तर मुख्याध्यापक सांगतो. गांवांत उपदेशकाला सांगणारा कोण? झोपडींत एकच दिवा असला म्हणजे त्याची काजळी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कारण जें कांहीं दिसावयाचें तें त्याच दिव्याच्या उजेडांत दिसतें. पुढाऱ्याचें शिकणें थांबलें, तर तें थांबलें असें सांगणारा कोणी राहत नाहीं. आणि नुकसान मात्र त्याचें एकट्याचें न होतां सर्व मंडळीचें होतें.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर हा धडा आम्ही पाठशाळेंत शिकलों नाहीं. नवी मुंबईंत शिकलों. वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे, जांवई, भाऊ त्या नगरांत असतील. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली व खाडीपलीकडील ९५ गांवांच्या जमिनीवर नवें नगर वसविण्याचें काम तिच्याकडे आलें. १९७३ सालीं ठाण्याच्या खाडीवर पूल झाला. १९९२ सालीं आगगाडी वाशीपर्यंत आली व त्याच वर्षीं महानगरपालिका सुरू झाली. जेथें आगरी व कोळी लोकांचीं भातशेतें आणि मिठागरें होतीं, तेथें इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. आणि नगर, जालना, बीड, सोलापूर ह्या बाजूंचे आपले लोक पोटासाठीं तेथें गेले. त्याच १९७० सालच्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस नागपूर येथें सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संयुक्त मंडळी झाली होती. त्यामुळें नव्या नगरांत एकाच बांकावर अशीं माणसें येऊन बसलीं कीं, ज्यांच्या आजांच्या चालीरीति वेगळ्या. एकाचा बाप्तिस्मा आईच्या मांडीवर झालेला, दुसऱ्याचा जाणतेपणीं पाण्यांत बुडवून. एकाला गुडघे टेकून प्रार्थना करण्याची संवय, दुसऱ्याला उभें राहून. अशा ठिकाणीं पुढाऱ्याला पाठ केलेलें पुरत नाहीं.

अशाच एका वसाहतींतील मंडळींत आमची नेमणूक झाली, तेव्हां पाठशाळेची परीक्षा देऊन आम्हांस फार दिवस झाले नव्हते. ती मंडळी एका शाळेच्या दालनांत रविवारीं दुपारीं चार वाजतां भरत असे. आम्हांस तें गबाळेपणाचें वाटलें. जुन्या, नांवाजलेल्या मंडळ्यांची उपासना सकाळीं होते. आपलीही तशीच व्हावी, असें मनांत घेऊन आम्हीं वडिलांच्या सभेंत ठराव मांडला. नवा पाळक, त्याचा उत्साह मोडूं नये, म्हणून त्यांनीं मान हालविली. उपासना सकाळीं दहा वाजतां सुरू झाली. दोन महिन्यांत मागचीं बांकें रिकामीं पडूं लागलीं. तीं कां रिकामीं झालीं हें विचारावयास कोणाच्या घरीं न जातां, आम्हीं एका रविवारीं प्रभूच्या दिवसाविषयीं कडक उपदेश केला. ज्यांना देवापेक्षां मजुरी प्रिय त्यांची आम्हीं चांगलीच हजेरी घेतली. नांवें घेतलीं नाहींत. पण कोणाविषयीं बोलणें चाललें आहे हें सर्वांस कळत होतें.

त्या दिवशीं संध्याकाळीं एक म्हातारी बाई आमच्या दारीं आली. ती तीन घरीं धुणीभांडीं करीत असे. तिला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, “पाळकसाहेब, रागावणार नसाल तर एक बोलते. तुम्ही दहाला घंटा वाजवतां. त्या वक्ताला आम्ही दुसऱ्यांच्या मोऱ्यांत भांडीं घासत असतों. रविवारीं त्यांच्याकडे पाव्हणे येतात, म्हणून भांडीं दुप्पट. सुटी मागितली तर काम जातं. चार वाजतां देव आम्हांला भेटत होता. आतां तुम्हीच सांगा, दहाला देव येतो, कीं नुसते तुम्ही येतां?”

खरें सांगावयाचें तर आम्हांस राग आला. आम्हीं तिला शास्त्रांतील तीन वचनें सांगितलीं. तिनें तीं ऐकून घेतलीं, सलाम केला व ती गेली. वचनें खरीं होतीं. पण तिच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत नव्हतें, हें तिलाही कळलें व आम्हांसही कळलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं एक वही घेतली व घरोघर जाऊन एकच गोष्ट विचारिली: तुम्ही कामावर केव्हां जातां व केव्हां परततां? इतक्या महिन्यांत हा प्रश्न आम्हीं एकदांही विचारिला नव्हता. कोणी इमारतीच्या फाटकावर बारा बारा तासांचा पहारा करी. कोणी ठाणें–बेलापूर रस्त्यावरील कारखान्यांत रात्रपाळी करून सकाळीं डोळे मिटे. कोणी रुग्णालयांत झाडलोट करी. चार वाजतांची वेळ गबाळेपणानें पडली नव्हती. आमच्या अगोदरच्या लोकांनीं ती पुष्कळ विचार करून ठरविली होती. एका खोलीला मात्र कुलूप होतें. पहाऱ्याचें काम करणारा तो भाऊ, त्याची बायको व दोन मुलें त्या उपदेशानंतरच्याच आठवड्यांत गांवाकडे निघून गेलीं होतीं. शेजारणीला ती बाई म्हणाली होती कीं, “तिथं आता आम्ही नको आहोंत.” त्यांचा पत्ता कोणापाशीं नव्हता. त्यांची क्षमा मागण्याची संधि आम्हांस आजपर्यंत मिळालेली नाहीं.

आतां मुख्य प्रश्न उभा राहिला. मंडळींतील एका वयोवृद्ध वडिलांनीं आम्हांस एकीकडे बोलावून सांगितलें, “साहेब, वेळ बदला, हरकत नाहीं. पण आमची चूक झाली असें उपदेशपीठावरून म्हणूं नका. मेंढपाळ वाट चुकला असें मेंढरांना कळलें, तर तीं बिथरतात. तुमच्यासाठीं नाहीं, तुमच्या पदासाठीं सांगतों.” हे गृहस्थ ढोंगी नव्हते. त्यांनीं त्या मंडळीसाठीं आपलें अर्धें आयुष्य वेंचिलें होतें. म्हणून त्यांच्या म्हणण्याचा विचार आम्ही येथें आदरानेंच करितों.

पदाचा मान राखला पाहिजे, हें खरें आहे. परंतु तो मान कशावर उभा आहे, हें पाहूं. पुढारी कधीं चुकत नाहीं ह्या समजुतीवर तो उभा असेल, तर तो खोट्यावर उभा आहे. आणि खोट्याची राखण करावयास रोज नवें खोटें लागतें. आज वेळ गुपचूप बदलावी, तर लोक विचारतील, कां बदलली? मग दालन मिळत नाहीं असें कांहीं तरी सांगावें लागेल. उलटपक्षीं, हा मनुष्य सत्याला आपल्यापेक्षां मोठें मानतो, ह्या विश्वासावर मान उभा असेल, तर चूक कबूल केल्यानें तो ढांसळत नाहीं. त्याचा पाया लोकांस दिसतो एवढेंच. मेंढरें बिथरतात तीं मेंढपाळ चुकल्यामुळें नव्हे. चुकीच्याच वाटेनें तो हट्टानें नेत राहिला म्हणजे बिथरतात.

पवित्र शास्त्र ह्या बाबतींत किती स्पष्ट आहे पाहा. मोशे हा सर्व इस्राएलाचा पुढारी, देवाशीं बोलणारा. तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्यानेंच न्याय करीत बसणें बरें नव्हे, हें त्याला सांगितलें त्याच्या सासऱ्यानें, परजातीय इथ्रोनें. आणि मोशेनें तें ऐकलें. अपुल्लोस हा मोठा वक्ता व शास्त्रांत प्रवीण. त्याची उणीव भरून काढली तंबू शिवणाऱ्या अक्विल्लानें व त्याच्या पत्नीनें, प्रिस्किल्लेनें. सेनापति नामान ह्याला बरें होण्याची वाट दाखविली ती घरांतल्या एका बंदिवान मुलीनें. अंत्युखियांत पेत्र माणसांच्या भीतीनें मागें सरला, तेव्हां पौलानें त्याला सर्वांदेखत दोष दिला. आणि ती गोष्ट मंडळीनें लपवून न ठेवितां आपल्या पवित्र ग्रंथांत राहूं दिली. पुढाऱ्यांच्या चुका झांकल्यानें मंडळी टिकते असें पहिल्या ख्रिस्ती लोकांस वाटलें असतें, तर तें पत्र त्यांनीं केव्हांच जाळून टाकिलें असतें.

आमच्या महाराष्ट्रांतही ह्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. पंडिता रमाबाई ह्यांचें नांव ऐकलें नाहीं असें आपल्यांतील घर विरळा. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. संस्कृत तर त्यांच्या जिभेवर नाचत असे. पुढें केडगांवीं मुक्तिसदनांत शेंकडों अनाथ स्त्रियांची माता झाल्यावर त्यांनीं शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें काम हातीं घेतलें, आणि त्यासाठीं हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास करून वर्षानुवर्षें त्या कामाला बसल्या. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी काम थांबलें नाहीं. १९२२ सालीं मरणापूर्वीं त्यांनीं तें संपविलें; तें १९२४ सालीं पुस्तकरूपानें निघालें. ह्यांत विचार करण्यासारखें असें कीं, नव्या भाषा शिकणें हें त्यांच्यासारख्या बुद्धिमान स्त्रीस तितकें कठीण नसेल. पण ज्या जड, पंडिती भाषेनें त्यांना देशभर मान मिळवून दिला, तीच बाजूस ठेवून न शिकलेल्या बायांना समजेल असें लिहावयास शिकणें हें फार कठीण. शिकण्याचा एक अर्थ मिळविणें हा आहे. दुसरा अर्थ सोडून देणें हा आहे. पुढाऱ्याला दुसऱ्या प्रकारचें शिकणें अधिक लागतें.

दुसरें उदाहरण लक्ष्मीबाई टिळक ह्यांचें. त्यांचे पति रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, तेव्हां लक्ष्मीबाई कडक सोंवळें पाळणाऱ्या होत्या. शाळेचें शिक्षण असें त्यांना नव्हतेंच. लिहिणेंवाचणें त्या लग्नानंतर शिकल्या. सोंवळ्याचा पीळ एका दिवसांत सुटला नाहीं. स्वतःशीं झगडत झगडत १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १९१९ सालीं टिळक वारले व त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें. तें पुढें नेण्याचें धाडस ह्या न शिकलेल्या म्हणविणाऱ्या विधवेनें केलें. आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रें’ निघूं लागलीं, तेव्हां त्यांत आपल्या पतीचा रागीटपणा, आपलें अज्ञान, आपली फजीति, सारें कांहीं त्यांनीं हंसत हंसत मांडिलें. त्यामुळें टिळकांचा मान कमी झाला काय? आज टिळकांवर जे प्रेम करितात, त्यांतील कितीएकांस ते ह्या पुस्तकांतूनच भेटले आहेत.

महाराष्ट्राबाहेर पाहावयाचें तर व्ही. एस. अझऱ्या हे तमिळ गृहस्थ १९०९ सालीं दोर्णकल येथें सेवेस गेले. ते शिकलेले, नांवाजलेले. पण तेथील दलित खेडुतांची तेलुगू भाषा त्यांना येत नव्हती. ती ते शिकले. १९१२ सालीं ते अँग्लिकन मंडळीचे पहिले हिंदी बिशप झाले. आणि त्यांच्या कामाचें बळ असें कीं, उपदेश हें पगारी माणसांचेंच काम न राहतां नव्यानें आलेला साधा शेतमजूरही आपल्या शेजाऱ्याला ख्रिस्ताविषयीं सांगूं लागला. जो पुढारी स्वतः शिकतो, तोच दुसऱ्याला पुढारी होऊं देतो.

ह्यावर कोणी असें विचारील कीं, मग पुढाऱ्यानें जो कोणी कांहीं बोलेल त्याचें ऐकून रोज आपलें मत बदलावें काय? असें आमचें म्हणणें नाहीं. वाऱ्याबरोबर फिरणारें कोंबड्याचें चित्र छपरावर शोभतें, उपदेशपीठावर शोभत नाहीं. जी सुवार्ता आपल्या स्वाधीन केली आहे तिच्यांत काटछांट करण्याचा अधिकार पुढाऱ्यास नाहीं व मंडळीसही नाहीं. जातिभेद पुन्हां बांकावर आणावा, हुंड्याकडे डोळेझांक करावी, असें सर्व मंडळी एकमुखानें म्हणाली तरी पुढाऱ्यानें नाहीं म्हणावें. परंतु माणसें कशीं राहतात, काय सोसतात, आपलें बोलणें त्यांच्या कानांवर कसें पडतें, हें पुढाऱ्यास पुस्तकांतून कळत नाहीं; तें माणसांनींच सांगावें लागतें. पहिल्या गोष्टींत त्यानें ठाम असावें, दुसरींत विद्यार्थी असावें. आमचा दोष असा कीं, आम्ही घड्याळाच्या बाबतींत ठाम राहिलों व माणसांच्या बाबतींत शिकावयाचें विसरलों.

कोणाची टीका ऐकावी ह्याविषयीं आम्ही एक खूण सांगतों. जी टीका बोलणाऱ्याच्या सोयीसाठींच आहे, ती ऐकून घ्यावी व विचारांत ठेवावी. पण जी टीका दाराबाहेर राहिलेल्या दुबळ्याला आंत आणण्यासाठीं आहे, ती कितीही कडू असली, कितीही अडाणी तोंडून आली, तरी तिच्यापुढें थांबावें. ती म्हातारी स्वतःसाठीं आली नव्हती. आपलें ती कसेंबसें निभावून नेत होती; ती आली होती मागच्या बांकावरून नाहींशा झालेल्यांसाठीं.

तसेंच, नम्रतेच्या नांवाखालीं आळस झांकूं नये. “मी अडाणी सेवक, मला काय कळतें” असें म्हणून वर्षभर एकही पुस्तक न उघडणारा उपदेशक नम्र नव्हे. लक्ष्मीबाईंनीं अडाणी म्हणून मिळणारी सवलत घेतली नाहीं. रमाबाईंनीं पंडिता म्हणून मिळणारी विश्रांति घेतली नाहीं. रोज थोडें वाचावें, न समजलेलें वहींत लिहावें, व महिन्याच्या सभेंत तें उघडपणें विचारावें.

आतां आम्हीं काय केलें तें सांगून संपवितों. ज्या पीठावरून आम्ही चुकीचें बोललों, त्याच पीठावरून तें मागें घेतलें पाहिजे, असें आम्हांस वाटलें. चूक जितक्यांच्या देखत, कबुली तितक्यांच्या देखत, हा नियम आम्हांस योग्य दिसतो; एकान्तांत केलेल्या अन्यायाची क्षमा एकान्तांत मागावी, चव्हाट्यावर केलेल्याची चव्हाट्यावर. उपासना पुन्हां चार वाजतां ठेविली. पहिल्या रविवारीं आम्हीं पांच वाक्यांत चूक सांगितली व बसलों. अधिक बोललों नाहीं, कारण कबुलींतही एक मोह असतो. मनुष्य आपल्या पापाचें वर्णन करतां करतां स्वतःची नम्रता मिरवूं लागतो, व ऐकणाऱ्यांनीं वाहवा करावी अशी वाट पाहतो. म्हणून कबुली लहान असावी व सुधारणा मोठी.

परिणाम सर्वच गोड झाला असें नाहीं. एक सुशिक्षित कुटुंब, मत बदलणारा पाळक नको, असें म्हणून दुसरीकडे जाऊं लागलें. ज्या वडिलांनीं मना केलें होतें ते कांहीं दिवस आमच्याशीं तुटकपणें वागले. परंतु तिसऱ्या आठवड्यांत तरुणांच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारा एक मुलगा रात्रीं आमच्याकडे आला व म्हणाला कीं, त्यानें त्यांतील पैसे घरच्या अडचणींत वापरले आहेत, व दोन महिने तो सांगावयास धजत नव्हता. त्यानें ते हप्त्यांनीं परत केले. पुढें तेच वडील आमच्या घरीं आले. ते एवढेंच म्हणाले, “साहेब, ह्या मंडळींत चूक सांगावयास पूर्वीं फार धैर्य लागे. आतां थोडें पुरतें.” पदाचा मान गेला कीं राहिला, ह्याचा निकाल आम्ही त्यांच्या ह्या बोलण्यावर सोंपवितों.

तेव्हां, ओढ्याकांठीं भेटलेल्या प्रिय बंधो, तुझ्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे: कबूल कर, थोडक्यांत कर, जेथें चूक केलीस तेथें कर, आणि त्याच दिवशीं सुधारावयास लाग. लोक म्हणतील, हा आम्हांस काय शिकविणार? त्यांस म्हणावें, जें मी शिकत आहें तेंच. आणि ज्या मंडळींत असा उपदेशक असेल, त्या मंडळीनेंही आपलें कर्तव्य ओळखावें. त्याची चूक पाठीमागें चघळूं नये. त्या म्हातारीप्रमाणें त्याच्या दारीं जावें, रागावणार नसाल तर एक बोलतें असें म्हणावें, व बोलून झाल्यावर सलाम करून यावें. ज्या प्रभूनें गुरु असून शिष्यांचे पाय धुतले, तो आम्हां शिकविणाऱ्यांस शिकण्याचें मन देवो, व जें घर आमच्या बोलण्यानें बंद झालें असेल तें त्याच्या कृपेनें पुन्हां उघडो.

— एक पाळक